हप्ता येतो, पण हमी कुठंय? : मूलभूत उत्पन्न, लाडकी बहीण आणि आपला मराठवाडा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

गेल्या दोनेक वर्षांत आपल्याकडे एक प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. वाळूजच्या बजाजनगरात, सिल्लोडच्या बाजारात, पैठणच्या एसटी स्टँडवर, भाजीच्या गाड्यापाशी. प्रश्न तीनच शब्दांचा आहे: "हप्ता आला का?" कोणाचा, कशाचा, हे विचारावंच लागत नाही. लाडक्या बहिणीचा.

हा प्रश्न जरा नीट ऐका. पगारदार माणूस "पगार आला का?" असं महिनाभर विचारत फिरत नाही. त्याला तारीख माहीत असते. इथे मात्र पैसे येतात, पण कधी येतील, किती दिवस येतील, आपलं नाव यादीत राहील का, यातलं काहीच ठाऊक नसतं. आजच्या भागाचा विषय याच ठिकाणी सुरू होतो. विषय आहे मूलभूत उत्पन्न, म्हणजे ज्याला जगभर 'बेसिक इन्कम' म्हणतात. सरकारने प्रत्येकाच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकली तर गरिबी संपेल का? आणि आपल्याकडे जे चाललंय ते तेच आहे का?

बेसिक इन्कम म्हणजे नेमकं काय?

कल्पना सोपी आहे, पण तिच्यात पाच गोष्टी एकत्र लागतात. बोटांवर मोजा.

पहिली, पैसे रोख मिळतात. धान्य नाही, साडी नाही, कूपन नाही. दुसरी, ते ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा मिळतात. तिसरी, ते माणसाला मिळतात, कुटुंबाला नाही. नवऱ्याचे वेगळे, बायकोचे वेगळे, पोरांच्या वाट्याचे आईच्या खात्यात. चौथी, सगळ्यांना मिळतात. तुम्ही गरीब आहात हे सिद्ध करायला दाखले गोळा करत फिरायचं नाही. आणि पाचवी, अट नाही. काम केलं तरच, मूल शाळेत गेलं तरच, असं काही नाही.

या पाचांतली एखादी गोष्ट काढली की ती दुसरी योजना होते. वाईट होते असं नाही, पण वेगळी होते. पीएम किसान घ्या. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. रोख आहे, नियमित आहे. पण ज्याच्या नावावर शेती आहे त्यालाच. दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या मजुराला एक रुपया नाही. शेजारच्या तेलंगणात २०१८ साली 'रयतु बंधू' आली, एकरी ४,००० रुपये दर हंगामाला. तिथेही तेच. दहा एकरवाल्याला दोन एकरवाल्याच्या पाचपट, आणि ज्याला जमीनच नाही त्याला काहीच नाही. मराठवाड्यात सगळ्यात गरीब कोण, असं विचारलं तर उत्तर भूमिहीन असंच येतं. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच अशा योजनांच्या बाहेर.

लाडकी बहीण या कसोटीवर

आता आपली योजना. २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या महिलेला महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कोणी आयकर भरणारा नको, कायम सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. ऑगस्ट २०२४ मध्ये जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यात पडायला लागले. बघता बघता लाभार्थींची संख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या घरात गेली. इतक्या झटकन इतक्या खात्यांत पैसे, हे काम साधं नव्हतं. ते मान्य करायला हवं.

आणि त्या पैशाचं मोल कमी लेखू नका. गॅसची टाकी, पोराची फी, सासूची बीपीची गोळी, बचतगटाचा हप्ता. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. घरात स्वतःच्या नावाचे पैसे असणं ही खूप बायकांसाठी आयुष्यातली पहिलीच गोष्ट होती.

पण पाच बोटांवर मोजा. रोख? हो. नियमित? हप्ता येतो, पण तारीख बदलते. कधी दोन महिन्यांचे एकदम, कधी सणाच्या तोंडावर. विधानसभेच्या निवडणुकीआधी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ चे पैसे आधीच देऊन टाकले. माणसाला? अर्धं. पैसे बाईच्या खात्यात, पण पात्रता मात्र कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि घरासमोर उभ्या गाडीवर. सगळ्यांना? नाही. बिनअट? तेही नाही.

यादीचं काय झालं ते आठवा. २०२५ च्या उन्हाळ्यात पडताळणी झाली आणि जुलैमध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, सुमारे २६ लाख लाभार्थींचा लाभ थांबवलाय. त्यात चौदा हजारांहून जास्त चक्क पुरुष निघाले. त्यांचे पैसे बंद झाले हे बरोबरच झालं. पण २६ लाखांत सगळ्याच फसवणाऱ्या होत्या का? नमो शेतकरी आणि पीएम किसान मिळून वर्षाला १२,००० घेणाऱ्या बायकांना इथे महिन्याला फक्त ५०० मिळतात. नियम तसाच आहे, पण ज्या बाईला १,५०० ची सवय झाली तिला हे कळतं ते बँकेच्या मेसेजवरून.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं. आता सांगा, जिला नवऱ्याने टाकलंय, तिने त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी कसा मागायचा? जिचा नवराही गेला आणि वडीलही, तिने काय करायचं? ओरड झाली, मुदत वाढली, अशा बायकांसाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यायची वाट काढली. पण घोळ मुळात का झाला? कारण योजना 'बहिणीसाठी' असली तरी तपासणी 'कुटुंबाची' होते. सगळ्यात एकटी बाई सगळ्यात आधी जाळ्यात अडकते.

याला गरीब शोधण्याची किंमत म्हणतात. कोण गरीब हे ठरवायला गाळणी लावली की त्यात नको ते आत राहतात आणि हवे ते बाहेर पडतात. बेसिक इन्कमवाल्यांचा पहिला मुद्दा हाच आहे: गाळणीच नको.

हमी हा शब्द आपलाच

ही 'हमी'ची कल्पना काही परदेशातून आलेली नाही. ती महाराष्ट्रानेच देशाला दिली आहे.

वि. स. पागे हे नाव नव्या पिढीला फारसं माहीत नाही. विधान परिषदेचे ते अनेक वर्षं सभापती होते, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. १९६५ च्या सुमारास तासगावजवळच्या विसापूर भागात त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला काम. मग आला १९७२ चा दुष्काळ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते 'बाहत्तरचा दुष्काळ' असंच म्हणतात. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, दुपारची सुकडी. मे १९७३ च्या सुमारास राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. धान्य पिकलं नव्हतं, पण हातात मजुरी होती, म्हणून माणसं जगली.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. दुष्काळ संपला, पण 'मागेल त्याला काम' ही गोष्ट संपली नाही. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आणि पैसा कुठून आणला? १९७५ साली व्यवसाय कर बसवला. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात नोकरी करणाऱ्यांनी आपली सॅलरी स्लिप काढून बघा. 'पी.टी.' म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा कर आणलाच होता रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हमीत वाटा उचलायचा, असा तो करार होता. आज कापून घेणाऱ्यालाही तो आठवत नाही आणि कापून देणाऱ्यालाही.

रोजगार हमीत त्रुटी होत्या. मजुरी उशिरा मिळायची, खोटे मस्टर निघायचे, काही ठिकाणी वर्षानुवर्षं काम निघत नसे. पण एक फरक बघा. योजना सरकारची इच्छा असते. कायदा तुमचा हक्क असतो. योजनेत 'लाभार्थी' असतो, कायद्यात 'हक्कदार'. लाभार्थी वाट बघतो, हक्कदार मागू शकतो.

मग रोजगार हमी असताना बेसिक इन्कम कशाला? कारण रोजगार हमीला राबणारं अंग लागतं. सत्तर वर्षांची म्हातारी, बाळंतीण, अपंग, आजारी, दिवसभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारी सून, यांनी खडी फोडायची का? त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार, श्रावणबाळ अशा योजना आहेत, पण तिथेही दाखले, समित्या, यादी. कामाची हमी जिथे संपते तिथून उत्पन्नाच्या हमीची गरज सुरू होते.

नाही म्हणायची ताकद

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. गरिबी म्हणजे फक्त पैसे कमी असणं नाही. गरिबी म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणता न येणं.

ऊसतोड घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, आपल्या जिल्ह्यातला पैठण-कन्नडचा भाग, इथली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल म्हणजे काय? पुढच्या सहा महिन्यांच्या घामाचे आधी घेतलेले पैसे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरीचं लग्न असतं, दवाखाना असतो, तेव्हा उचल घेतली जाते. एकदा घेतली की दर ठरवायची, काम सोडायची, आजारी पडायची मुभा उरत नाही. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षावर. पोरं पाचटात वाढतात, शाळा मागे राहते.

म्हणजे बघा, ऊसतोड मजुराला उत्पन्नाची हमी आजही मिळते. ती मुकादम देतो, आणि बदल्यात माणूस घेतो.

प्रश्न असा आहे: आषाढ-श्रावणात, हाताला काम नसताना, या घरात दर महिन्याला नक्की पैसे आले असते तर? आजच्या दराने हिशेब करू. एका बाईला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. उचलीचा आकडा पन्नास हजारांपासून लाखावर जातो. १८,००० त्यापुढे तोकडे. पण प्रत्येक मोठ्या माणसाला १,५०० आणि प्रत्येक लेकराला त्याच्या निम्मे, म्हणजे ७५०, असं धरा. नवरा-बायको आणि दोन पोरं: महिन्याला ४,५००, वर्षाला ५४,०००. आता हा आकडा उचलीच्या तोडीचा होतो. 'घरातल्या एकीला' आणि 'घरातल्या प्रत्येकाला' यातला फरक इथे कळतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात हे करून बघितलंय. २०११-१२ मध्ये 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशातून इंदूर भागात प्रयोग केला. रेनाना झाबवाला, सरथ दावला आणि गाय स्टँडिंग यांनी त्याचा अभ्यास केला. आठ गावांतल्या प्रत्येकाला महिन्याला २०० रुपये, लेकराला १००. नंतर ते ३०० आणि १५० केले. अट काही नाही. शिवाय एक आदिवासी गाव. सहा हजारांहून जास्त माणसांना पैसे मिळाले, आणि पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली.

काय दिसलं? ताटात डाळ, भाजी वाढली. मुलींची तब्येत सुधारली. शाळेची हजेरी वाढली. सावकाराचं ओझं हलकं झालं. आणि सर्वांत महत्त्वाचं: दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारे काही लोक स्वतःच्या तुकड्यात राबायला लागले. बी-बियाणं, एखादी शेळी, शिलाई मशीन. काम कमी झालं नाही, कामाचा मालक बदलला.

"फुकट पैसे दिले की लोक आळशी होतात"

हा प्रश्न श्रोत्यांकडून सर्वांत जास्त येतो. "दारूत जातील." "शेतीला मजूर मिळत नाहीत, सगळ्या बाया घरी बसल्या." मी याला हसण्यावारी नेणार नाही, कारण हे म्हणणारे अनेकदा स्वतः अडचणीतले शेतकरी असतात.

दारूचं आधी. मध्य प्रदेशच्या प्रयोगात दारूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही.

आता काम. महिन्याला १,५०० म्हणजे रोजचे ५० रुपये. पन्नास रुपयांवर कोण घरी बसेल? हो, एक गोष्ट होऊ शकते: आधी २०० रुपयांत कापूस वेचायला येणारी बाई आता ३०० मागेल. ती आळशी झाली म्हणून नाही, तिला आज दुपारच्या पिठाची चिंता नाही म्हणून. 'मजूर मिळत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'जुन्या मजुरीत मिळत नाही' असा असतो. आणि हेही खरं, की कापसाला भाव नसताना शेतकऱ्याने वाढीव मजुरी द्यायची कुठून? म्हणून मूलभूत उत्पन्न लहान शेतकऱ्याच्या घरालाही मिळायला हवं, फक्त मजुराच्या नाही. 'सगळ्यांना' हा शब्द भांडण मिटवण्यासाठीही लागतो.

याहून बोलकं उदाहरण केनियातलं आहे. तिथे 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने काही गावांना दर महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केली. काही गावांना सांगितलं, दोन वर्षं मिळतील. काहींना सांगितलं, बारा वर्षं मिळतील. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या दोन वर्षांनंतर तपासलं. तोवर दोन्हीकडे सारखेच पैसे पोचले होते. तरी ज्यांना बारा वर्षांचा शब्द मिळाला होता, त्यांनी जास्त बचत केली, जास्त छोटे धंदे उभे केले. आणि कसे? भिशी लावून! महिन्याची छोटी रक्कम भिशीत टाकायची आणि आपली पाळी आली की एकरकमी उचलून धंद्यात घालायची. आपल्या बायका वेगळं काय करतात?

म्हणजे एकच रक्कम, पण भरवशाची असली की तिचं काम बदलतं. पुढच्या महिन्यात येईल की नाही ठाऊक नसलेले पैसे माणूस आज खर्च करतो. पाच वर्षं येणार हे ठाऊक असेल तर तो शेळी घेतो, पोरीला नर्सिंगला घालतो, मुकादमाला म्हणतो, "यंदा नाही येत."

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गरिबाला मोकळं करते ती रक्कम कमी आणि खात्री जास्त.

धान्याऐवजी पैसे: आपल्याच जिल्ह्याचा धडा

आता दुसरी बाजू. रोख पैसे दिले म्हणजे सगळं झालं असं नाही. हे आपण स्वतः अनुभवलंय.

मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळायचं. माणशी पाच किलो, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. पुढे ते धान्य मिळेनासं झालं आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात द्यायचं ठरलं. नंतर ते १७० केले.

हिशेब करा. १५० रुपयांत पाच किलो म्हणजे किलोला ३० रुपये. दुकानात गहू-तांदूळ त्या भावात मिळाला तर ठीक. भाव वाढला तर? पोत्यातलं पाच किलो धान्य महागाईत पाच किलोच राहतं. खात्यातले १५० रुपये मात्र आक्रसतात. म्हणून रोख रकमेला महागाईची जोड हवी, जशी सरकारी नोकराच्या पगाराला महागाई भत्त्याची असते. १,५०० रुपये २०२४ मध्ये जेवढे होते तेवढे २०२९ मध्ये राहणार नाहीत, जरी मेसेजमध्ये तोच आकडा दिसला तरी.

आणि म्हणूनच 'रेशन बंद करा, शाळा-दवाखान्याचा खर्च कमी करा, त्याऐवजी सरसकट पैसे वाटा' या सूचनेपासून सावध राहायला हवं. पैशाने डॉक्टरची फी देता येते, पण गावात डॉक्टरच नसेल तर? टँकर विकत घेता येतो, पण तो पाणीपुरवठा नव्हे. मूलभूत उत्पन्न या सगळ्यावर हवं, या सगळ्याच्या बदल्यात नव्हे.

पैसा आणायचा कुठून?

हा प्रश्न टाळला तर बाकीचं बोलणं पोकळ. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेवढ्याच माणसांना, लहान-मोठ्या सगळ्यांना, महिन्याला १,५०० दिले तर वर्षाला दोन लाख कोटींच्या वर रुपये लागतील. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा धरली होती सुमारे ५ लाख ६० हजार कोटी. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर होती. एकट्या राज्याला हे आज पेलणार नाही, हे सरळ सांगायला हवं.

आणखी एक बेरीज. दोन कोटी चाळीस लाख बायकांना पूर्ण वर्ष १,५०० द्यायला ४३,२०० कोटी लागतात. तरतूद झाली ३६ हजार कोटींची. म्हणजे पूर्ण हप्ता दोन कोटी जणींपुरता. काहींना ५०० च मिळतात हे धरलं, तरी नावं का गळतात आणि प्रचारात सांगितलेले २,१०० का येत नाहीत, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

मग वाट आहे का? केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत अरविंद सुब्रमणियन यांनी यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं होतं. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, वरचे २५ टक्के सोडून बाकीच्यांना. खर्च देशाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या जरा खाली. म्हणजे केंद्राने हात घातला तर गोष्ट आवाक्याबाहेरची नाही, पण मग श्रीमंतांना मिळणाऱ्या सवलती आणि करमाफी यांच्याकडे बघावं लागेल.

दुसरी कल्पना गोव्यात मांडली गेली आहे. 'गोंयची माती' या चळवळीचं म्हणणं असं की जमिनीखालचं खनिज सगळ्या गोवेकरांच्या मालकीचं. ते विकून आलेला पैसा कायमच्या निधीत ठेवा आणि त्याचं उत्पन्न प्रत्येक नागरिकाला वाटा. अमेरिकेतलं अलास्का राज्य तेलाच्या पैशातून १९८२ पासून दरवर्षी असा लाभांश देतं. तो कोणी 'फुकट' म्हणत नाही, कारण तो मालकीचा वाटा आहे.

तिसरी वाट आपल्या सॅलरी स्लिपवर आहे. व्यवसाय कराला राज्यघटनेने वर्षाला २,५०० ची मर्यादा घातलीय, त्यामुळे तो कर फार वाढवता येणार नाही. पण 'ठरावीक हमीसाठी ठरावीक कर' ही पद्धत महाराष्ट्राने एकदा करून दाखवलीय. त्याचा फायदा असा की निधी कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

मग गरिबी संपेल का?

एकट्या मूलभूत उत्पन्नाने नाही. वावराला पाणी, कापसाला भाव, पोराला नोकरी, हे प्रश्न उरतातच. २०२३-२४ च्या केंद्राच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. पाच जणांच्या घरात १,५०० म्हणजे माणशी ३००. त्याने गरिबी संपत नाही, गरिबीची धार जरा बोथट होते. पण धार बोथट झाल्यावरच माणूस मान वर करून पुढच्या वर्षाचा विचार करतो.

आणि सगळं एकदम होत नसेल तर सुरुवात कुठून करायची? माझं म्हणणं असं: रक्कम वाढवण्याआधी हमी वाढवा. आजचे १,५०० कायद्यात आणा. महिन्याची तारीख कायद्यात लिहा, उशीर झाला तर भरपाई द्या, रोजगार हमीत बेकारभत्ता होता तशी. महागाईबरोबर रक्कम वाढू द्या. नवऱ्याच्या आधारशी बाईचा हक्क बांधू नका. नाव काढायचं असेल तर आधी नोटीस, मग गावातच सुनावणी, मग निर्णय. यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागते ती दिलेला शब्द बांधून घ्यायची तयारी.

तेव्हा पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं आणि म्हणालं, "ताई, आम्ही एवढे देऊ", तर आकडा ऐकून घ्या. मग तीन प्रश्न विचारा. कायदा करणार का? तारीख कोणती? आणि माझं नाव मला न विचारता कोण काढू शकतं? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या माणसांनी खडी फोडून कामाची हमी मिळवली. आता उत्पन्नाची हमी मागायची वेळ आली आहे, आणि ती मागताना ओशाळायचं काही कारण नाही.

तुमच्या गावात, गल्लीत काय चित्र आहे, हप्त्याने काय बदललं, काय नाही, ते आम्हाला जरूर कळवा. निवडक अनुभव पुढच्या भागात वाचू. पुढच्या भागात ऊसतोडीच्या उचलीचाच हिशेब सविस्तर मांडणार आहोत.

तोवर काळजी घ्या. भेटूया!